ओल्या खडूची रेघ

साहेब आमच्या वस्तीत पहिल्यांदा आले, त्याच दिवशी मी त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहिलं होतं.

आत्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्यांनी हात जोडले. "नको." भर उन्हाळा, काष्टीच्या स्टँडपासून भाड्याची सायकल मारत आलेला माणूस, शर्टाची पाठ घामानं भिजलेली, आणि बौद्ध वस्तीतलं पाणी नको! पिशवीतून स्वतःची बाटली काढून ते दोन घोट प्यायले. मला एवढं पुरे होतं. मी तेव्हा श्रीगोंद्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. वाचायला मी शिकले ती वडिलांच्या ट्रंकेतल्या पत्रकांवर, त्यामुळे कुठलीही गोष्ट घडली की मला आधी तिचा मथळा सुचायचा. 'सरकारी साहेबाला आमच्या पाण्याचा विटाळ!' खाली चार कलमं आणि शेवटी निषेध. मजकूर तयार होता, फक्त छापायचा बाकी होता.

तरी एकदा तोंडावर विचारावं म्हणून मी गेले. ते विहिरीच्या काठावर बसून खडूला टोक काढत होते. मान वर न करता म्हणाले, "जिची तपासणी करायची, तिचं पाणी मी पीत नाही."

"आणि पलीकडे, बागायतदाराकडं?"

"तिथं तर चहासुद्धा नाही."

मला खोटं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी, ज्याच्या विहिरीवरून आमचं भांडण होतं त्या बागायतदाराचा पुतण्याच चावडीपुढे सांगत होता, "काय मानूस हाय राव! लिंबाचं सरबत केलं तर म्हनतो, यात तुमच्याच हिरीचं पानी हाय. आता सरबतात काय दूध घालायचं व्हय?" मी पत्रक फाडलं. माफी मात्र मागितली नाही. तेव्हा मला माफी मागता येत नसे.

भांडण काय होतं ते सांगते. धर्मांतरानंतर गावानं आमच्या लोकांचं पाणी तोडलं, तेव्हा वस्तीनं स्वतःची विहीर खोदली. पंधरा फूट रुंद, दगडात उतरलेली. आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्यात पहार घेऊन दोन उन्हाळे होते. तिच्यापासून जेमतेम तीनशे पावलांवर बागायतदारानं उसासाठी नवी विहीर घेतली, आमच्या दुप्पट खोल. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची तर परवानगी लागेल, असा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. आम्ही हरकत घेतली. मग ठरलं की त्याचं इंजिन सलग चालवायचं आणि आमच्या विहिरीची पातळी उतरते का ते बघायचं. उतरली, तर त्याची परवानगी गेली. नाही उतरली, तर आमची हरकत गेली. ही चाचणी घ्यायला भूजलाच्या ऑफिसातून साहेब आले होते.

पन्नाशीचे असतील. किरकोळ अंगाचे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम खडूचे तुकडे, त्यामुळे छातीवर, कॉलरवर, कधी भुवईवरही पांढरी पूड. विहिरीच्या काठावर चढण्याआधी चपला काढायचे. त्यांची मोजायची रीत साधी होती. लोखंडी टेपच्या खालच्या हातभर भागाला खडू फासायचा, टेप पाण्यात सोडायची आणि वर घ्यायची. जिथंवर खडू भिजून काळवंडला ती पाण्याची रेघ. ती रेघ वाळायच्या आत वाचायची, आणि आधी घड्याळातली वेळ लिहायची, मग आकडा.

वेळेशिवाय ते काही बोलतच नसत.

"पानी किती हाय साहेब?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी काठापासून पाच मीटर बासष्ट होतं."

"आन आता?"

"आताचं मला माहीत नाही."

कुणी विचारलं, घरी सगळी बरी आहेत ना, तर म्हणायचे, "सहाला निघालो तेव्हा बरी होती." बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मी एकदा हसताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं हसू थांबलं. ते गंमत करत नव्हते. घरून निघताना सगळं ठीक होतं आणि परत आल्यावर नव्हतं, असं ज्याच्या बाबतीत कधीतरी घडलेलं असतं, त्याचा तो चेहरा होता. काय घडलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

विहिरींबद्दल ते बोलायचे ते बाईमाणसाबद्दल बोलावं तसं. ही लाजते, ती दांडगी आहे, पलीकडची रात्रीतून भरते पण कुणाला सांगत नाही. पहिल्याच दुपारी ते आमच्या विहिरीच्या काठावर पालथे पडले, डोकं आत, कान खाली, आणि पाऊण तास हलले नाहीत. आत्या मला म्हणाली, "जित्ता हाय का बघ गं." मी जवळ गेले तर डोळे उघडे होते. म्हणाले, "हिला वायव्येच्या कोपऱ्यातून भेग येते. तळापासून उभी, पुरुषभर उंच." आत्याचा हात तोंडावर गेला. ती भेग पाण्याखाली होती. आजोबांच्या पहारीनं ती फुटली तेव्हा पाणी इतक्या जोरानं आलं होतं की माणसं हत्यारं टाकून वर पळाली होती. हे वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि साहेबांना तर कुणीच सांगितलं नव्हतं.

मग ते उठले आणि अनवाणी चालायला लागले. नांगरलेल्या रानातून, भर दुपारी, नाकासमोर. मधेच थांबायचे, पायानं जमीन दाबायचे, एखाद्या दगडावर खडूनं फुली मारायचे. दोन वारुळांना वळसा न घालता त्यांच्या मधून गेले. ते थांबले ते थेट बागायतदाराच्या नव्या विहिरीवर. दुसऱ्या दिवशी रानात बोंब झाली की कुणीतरी करणी केली. सरळ रेघेत पांढऱ्या फुल्या! उसाला खुरपायला आलेल्या बायका बांधावरूनच परत फिरल्या. पुतण्यानं गड्याकडून सगळे दगड पुसून घेतले. साहेबांना हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "वरची रेघ पुसली. खालची आहे."

मी शिकलेली, अंधश्रद्धेवर दोन पत्रकं लिहिलेली मुलगी. पण त्या दिवसापासून ती दोन वारुळं ओलांडताना माझे पाय भराभर पडायचे. जमिनीखाली तिथं काहीतरी आडवं पडलंय आणि ते जागं आहे, असं वाटायचं.

आत्याचं आणि त्यांचं जमलं ते दोरामुळे. आमच्या बायका पाण्याची पातळी दोराच्या गाठींवर सांगतात. हातभर अंतरावर गाठ मारलेली असते, आणि पोहरा पाण्याला टेकला की काठावर कितवी गाठ आली ते मोजायचं. दिवाळीत आठ, होळीला दहा, असं. साहेबांनी आत्याचा दोर मागून घेतला, टेपच्या शेजारी जमिनीवर पसरला, आणि एकेक गाठ मीटरात उतरवून घेतली. मग तिला गेल्या सगळ्या उन्हाळ्यांच्या गाठी विचारल्या. आत्याला लिहिता येत नव्हतं, पण गाठी तोंडपाठ होत्या. कुठल्या साली कोण बाळंत झालं, तेव्हा किती गाठींवर पाणी होतं, अशी ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. सरकारी वहीत आत्याच्या तोंडचं असं कधी काही लिहिलं गेलं नव्हतं. ती दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही, इतकी ती खूश होती.

चाचणीच्या दिवशी त्यांचा मदतनीस आला नाही. मला आदल्या दोन दिवसांत त्यांनी टेप वाचायला शिकवलं होतं. म्हणाले, "मी इंजिनावर थांबतो. तुमच्या विहिरीचे आकडे तुम्ही लिहा. दर पंधरा मिनिटांनी." पंच म्हणून आमच्या काठावर बागायतदाराचा पुतण्या बसला. पाणी काढायचं नाही, बायकांनी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं होतं.

सकाळी सातला पलीकडे इंजिन धडधडायला लागलं. सव्वासातला मी टेप सोडली. पाच बासष्ट. साडेसातला पाच बासष्ट. आठ, साडेआठ, नऊ, तेच. खडूची रेघ जागची हलत नव्हती. इंजिनाच्या पाटाचं पाणी उसात खळाळताना आम्हाला दिसत होतं, आणि आमची विहीर ढिम्म.

"लिवा ताई, लिवा," पुतण्या म्हणाला. "पत्रकात बी लिवा. तुमची हीर काय हालंना. आमचं पानी येगळं, तुमचं येगळं. पयल्यापासून तसंच हाय की!"

माझ्या कानशिलात रक्त चढलं. साडेनऊला तो जांभई देत उठला आणि जेवायला घरी गेला.

आता, मी तेव्हा जे केलं ते लिहिते. खोटा आकडा मी वहीत लिहिणार नव्हते. खोटं लिहिणाऱ्यांच्या विरुद्ध लिहीतच मी मोठी झाले होते. म्हणून मी आकडाच खरा करायचं ठरवलं. मी बायकांना हाक मारली. चार पोहरे, बारा बायका. "आवाज न करता, झपाझप. पाणी मागच्या बाजूला ओघळीत ओता."

आत्या म्हणाली, "साहेबांनी काढू नगा म्हनलंय."

मी म्हणाले, "आत्या, साहेब संध्याकाळच्या एसटीनं जाणारेत. आपल्याला इथं राहायचंय."

पावणेअकरापर्यंत बायका पाणी काढत होत्या. दर पंधरा मिनिटांनी मी त्यांना थांबवायची, पाणी शांत होऊ द्यायची, टेप सोडायची. पाच चौसष्ट, सदुसष्ट, सत्तर. प्रत्येक आकडा खरा होता. मी प्रत्येक आकडा नीट, वळणदार अक्षरात लिहिला. मग पोहऱ्यांचे दोर गुंडाळले, काठ पुसला. पुतण्या परत आला तेव्हा बायका लिंबाखाली बसल्या होत्या.

अकराला मी टेप सोडली. आता पातळी थांबायला हवी होती. रेघ खाली होती. सव्वाअकराला आणखी खाली. साडेअकराला आणखी.

कुणी हात लावत नव्हतं. पाण्यावर साधा तरंग नव्हता. पण आतल्या दगडांवर एक काळा, ओला पट्टा उघडा पडत चालला होता. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून कुणी पांघरूण ओढावं, तसं पाणी खाली जात होतं. कपारीतली पारवी एकदम फडफडून वर आली आणि लांब निघून गेली. मग वायव्येच्या कोपऱ्यातून शीळ आली. बारीक, लांबलेली, श्वास आत घेतल्यासारखी. वारा पडलेला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. भेगेच्या वरच्या टोकातलं पाणी ओसरलं की तिथं हवा शिरते आणि असा आवाज होतो, हे मला पुढे साहेबांनी समजावून सांगितलं. त्या वेळी मला तेवढंच कळलं की आमच्या विहिरीच्या आत कुणीतरी आहे. पुतण्यासुद्धा उठून चार पावलं मागं सरकला.

"वडतंय," आत्या हळूच म्हणाली. "खालनं कुनीतरी वडतंय."

दगडाला निरोप पोचायला तीन-चार तास लागले होते. इंजिन खरोखरच आमचं पाणी नेत होतं. मी हात लावला नसता तरी ते वहीत आलंच असतं, स्वच्छ, एकट्या इंजिनाचं.

एक वाजता इंजिन थांबलं. साहेब चपला हातात घेऊन रानातून आले. माझी वही घेतली, आणि छापील तक्त्यातला शेवटचा रकाना दाखवला. चाचणीच्या काळात या विहिरीतून उपसा झाला का? मी 'नाही' लिहिलं. तेही वळणदार अक्षरात, याची मला आजही लाज वाटते.

त्यांनी आकडे वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असे. दहाच्या आकड्यावर थांबले. बोट पावणेअकरापर्यंत नेलं.

"इथून इथपर्यंत ती स्वतः उतरलेली नाही," ते म्हणाले. "तिला कुणीतरी उपसलंय. इथून पुढं ती स्वतः गेली." मग माझ्याकडे बघून, "इथं काय झालं?"

"काही नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेवढ्यात आत्या पुढे आली.

"काढलं साहेब. आमीच काढलं. चार पोहऱ्यांनी."

"आत्या!"

"गप गं पोरी. मोजनाऱ्याफुडं खोटं न्हाई बोलायचं. माझ्या बापानं खांदलीया ही हीर. त्याच्या हिरीवर खोटं न्हाई."

पुतण्या टाळी वाजवून हसला. "घ्या! ऐकलं का साहेब? आता लिवा, आन पंचांच्या सह्या घ्या."

साहेबांनी 'नाही' खोडलं, 'होय' लिहिलं, शेजारी वेळ लिहिली. चाचणी बाद. मी ओरडले, "पण तुम्हाला कळलंय ना? आम्ही थांबल्यावरही ती उतरत होती! तुम्ही डोळ्यांनी वाचलंय!"

"मला कळलंय," ते म्हणाले. "किती तुमच्या पोहऱ्यांनी गेलं आणि किती त्यांच्या इंजिनानं, हे वहीला कळत नाही. आणि सही वहीवर असते."

मग ते आत्याकडे वळले. "चाचणी संपली बाई. आता पाणी द्या." ते दोन तांबे प्यायले, गटागटा, शर्ट भिजवत. त्या क्षणी मला त्यांचा आला तितका तिरस्कार आजवर कुणाचा आला नव्हता.

पुन्हा चाचणी घ्यायला बागायतदारानं नकार दिला, आणि वस्तीच्या लबाडीचा कागद वर पाठवला. परवानगी झाली. इंजिन रोज चालायला लागलं.

पुढच्याच रविवारी साहेब आले. ऑफिसचं काम नव्हतं, आदेश नव्हता. स्वतःच्या खर्चानं लाल एसटी, मग भाड्याची सायकल. चपला काढल्या, खडू फासला, टेप सोडली, वेळ लिहिली, गेले. असे ते वर्षभर आले. पहिले काही रविवार मी घराबाहेर पडले नाही. मग एकदा आत्यानं माझ्या हातात वही दिली. "जा. अक्षर तुझं चांगलं हाय." मी लिहायला लागले. आम्ही बोलत नसू. ते आकडा सांगायचे, मी लिहायची. पाच नव्वद. सहा पस्तीस. सात दहा. पुतण्या बांधावरून ओरडायचा, "साहेब, पोरगी बघायला येता का हीर?" ते वर बघायचे नाहीत. परगावी बदली होईपर्यंत त्यांचा एकही रविवार चुकला नाही. नंतर मी त्यांना पाहिलं नाही. ते कसे आहेत म्हणून कुणी विचारलं तर मला शेवटच्या एसटीची वेळ तेवढी सांगता येईल.

त्या वहीतल्या एका पानावर पुढे सुनावणी झाली, आणि उन्हाळ्यात ते इंजिन बंद ठेवायचा हुकूम निघाला. ते पान ज्या दुपारी लिहिलं, त्या दुपारबद्दल सांगायचं राहिलं आहे.

पुढचा उन्हाळा. विहीर कोरडी पडून आठवा दिवस होता. बायका दीड कोसावरून पाणी आणत होत्या. साहेबांनी टेप तळाला टेकवली, वर घेतली. खडू पांढराफटक होता. मी वेळ लिहिली, बारा चाळीस, आणि पुढे आकड्याच्या जागी 'कोरडी'. टेप गुंडाळून ते निघतील असं वाटलं, पण ते काठावर पालथे पडले आणि मला खूण केली. मीही शेजारी पडले, डोकं आत घातलं.

विहिरीच्या तळातून इंजिन ऐकू येत होतं. बाहेर मान काढली की वायव्येकडून, लांबून. आत घातली की खालून, दगडातून, कानाला लागून. धड, धड, धड.

एकला पुतण्यानं जेवायला म्हणून इंजिन बंद केलं. तळातली धडधड थांबली. साहेब घड्याळ हातात घेऊन पडून होते. एक वाजून बावीस मिनिटांनी वायव्येच्या भेगेतून एक थेंब पडला. मग दुसरा. मग करंगळीएवढी धार.

मी वेळ लिहिली. आत्यानं तो आवाज घरातून ऐकला म्हणे. मागोमाग बायका घागरी घेऊन आल्या, काठाभोवती उभ्या राहिल्या. आठ दिवसांनी पाणी दिसत होतं, तळात, चमकणारं. अडीचपर्यंत वीतभर साठलं. टेपवर खडू भिजला. मी आकडा लिहिला.

अडीचला इंजिन पुन्हा सुरू झालं.

साहेब उठून बसले. बायकांच्या कोरड्या ओठांकडे त्यांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच घड्याळ बाजूला ठेवलं. "घ्या पाणी. माझं मोजणं राहू द्या. आज घ्या."

एका सुनेनं पोहरा उचलला होता. आत्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मोजा साहेब," ती म्हणाली.

भेगेतली धार बारीक झाली. दोन बावन्नला थांबली. मग तळातलं पाणी भेगेकडे सरकायला लागलं, आवाज न करता, आणि दर पंधरा मिनिटांनी मी टेप सोडत राहिले. बारा बायका रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन उभ्या होत्या. आपलं पाणी दगडात परत जाताना बघत होत्या. खडू पुन्हा पांढरा येईपर्यंत कुणी दोर सोडला नाही.